खेळाडू आत

स्कोअरशीटवर प्रत्येक नावापुढे एक बारीक चौकट असते.
पोरगा मैदानात उतरला की मी तिथे फुली मारतो,
सुरुवातीच्या पाच जणांच्या फुलीला गोल.
सव्वीस वर्षं हेच करतोय.
आधी अजनीच्या रेल्वे ग्राउंडवर, डासांच्या ट्यूबलाइटखाली,
आता मानकापूरला, लाकडी फ्लोअरशेजारी,
जिथे जर्सी संत्र्याच्या रंगाची, मालक रायपूरचा
आणि ढोलवाले भाड्याने येतात.

सात नंबर. पराते, सुयोग.
नोव्हेंबरात त्याच्या फुलीला गोल होता.
डिसेंबरात नुसती फुली.
संक्रांतीनंतर तीन सामने चौकट कोरी,
इतकी कोरी
की एकदा मी पेनाचं टोक टेकवलं
आणि उचललं.

मध्ये लुधियान्याचा एक आला, सहा फूट चार.
बॉल त्याच्या हातात लिंबासारखा दिसतो.
मग कोच सुयोगला म्हणाले, सगळ्यांदेखत,
"तू एक नंबरचा गार्ड नाहीस, दोनचाही नाहीस.
तू दीड आहेस."
बेंच हसला. सुयोगही हसला, टॉवेलमध्ये.
आपल्याकडे दीड म्हटलं की पुढे शहाणा येतो.
त्याच्या पुढे काहीच आलं नाही.

त्याचे वडील गोळीबार चौकात कूलरच्या मोटारी भरतात.
मार्च लागला की त्यांचा सीझन सुरू,
मार्च संपला की याचा करार.
एका सामन्याला आले, बोटांना वार्निश तसंच.
माझ्या मागे उभे राहून विचारलं,
"हा नेमकं करते काय, साहेब? बास्केट तर दुसराच टाकून राह्यला."
मी सांगितलं: बॉल या टोकाहून त्या टोकाला नेतो,
ज्याला द्यायचा त्याला देतो, परत येतो.
"म्हणजे धोटा," ते म्हणाले.
"माझा बाप मागावर होता. दिवसभर धोटा पळे,
लुगड्यात कोणाला दिसे?"
आणि चहा आणायला गेले.

मी शीट पाहिली.
बास्केटला रकाना आहे, फाऊलला आहे, टाइमआउटला आहे.
पासला नाही.
हे मला सव्वीस वर्षांत ठाऊक नव्हतं असं नाही,
पण त्या दिवशी
दोनदा चष्मा पुसला.

परवा सकाळी तर्री पोह्याच्या गाडीवर भेटला.
खिशात रेल्वेचं पत्र. स्पोर्ट्स कोटा, टीसी, बिलासपूर.
घडी इतक्यांदा उघडलेली की मधून फाटत आलेली.
"काय करू, काका? तुम्ही तर रेल्वेतच होते."
मी म्हणालो, पगार एक तारखेला येतो.
म्हणालो, काळा कोट उन्हाळ्यात त्रास देतो.
तिसरं काही म्हणायचं होतं,
ते तर्रीच्या ठसक्यात गेलं.
त्याने पोहे अर्धे ठेवले. माझे पैसे मात्र दिले.

आज.
चौथा क्वार्टर, एकसष्ट-चौसष्ट, चार मिनिटं दहा सेकंद.
लुधियान्याचा घोटा धरून लंगडतोय, बसत नाहीये.
कोच बेंचकडे न बघता दोन बोटं हलवतात,
एक सरळ, एक अर्धं वाकलेलं.
सुयोग वॉर्मअप काढतो, गाठ अडकते, दाताने सोडवतो,
आणि माझ्या टेबलाजवळ येऊन बसतो.
मलमाचा वास. गुडघा हलतोय,
त्याने टेबल हलतंय, माझी आधीची ओळ वाकडी झाली.

नियम असा:
बॉल डेड व्हावा लागतो, मग हॉर्न,
मग पंच हात करून आत बोलावतो,
त्याआधी फुली मारायची नाही.

बॉल काही डेड होत नाही.
या टोकाहून त्या टोकाला,
परत,
कोणी फाऊल करेना, कोणाचा बाहेर जाईना.
वर तिसऱ्या रांगेत वार्निशवाले हात
कपाळाशी.
"काका," तो म्हणतो, माझ्याकडे न बघता,
"पेनात शाई आहे ना?"

मी समासात एक रेघ ओढून पाहतो.